बाबा झोपलेत आणि पंखे बोंबलताहेत

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. एका पोराचं पत्र आलंय, ते असं आहे:

"काका, मी भुसावळचा. जळगावला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात घरच्यांच्या मागे लागून एक लाख बेचाळीस हजारांचा सोळा इंची गेमिंग लॅपटॉप घेतला. आय७ १४६५० एचएक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड. दुकानदार म्हणाला होता, पीसी विसरून जाशील. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकतोय, मामेभावाच्या स्टुडिओचे लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो, आणि खोटं कशाला सांगू, गेमही खेळतो. डिसेंबरात सीपीयू ७८ डिग्रीच्या पुढे जात नव्हता. आता मे महिन्यात तोच गेम, तेच सेटिंग, तर ९७! पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. बाबा लोको पायलट आहेत. रात्रीची गाडी करून आले की दुपारी झोपतात. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत कूलर, तिथे बाबा. मी बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर. कूलर एवढा घोंघावतो तरी त्यांची झोप मोडत नाही, पण माझा लॅपटॉप सुरू झाला की आतून आवाज येतो, तुझं ते विमान बंद कर. रोज मेमूने कॉलेजला न्यायचा तर चार्जरसकट पावणेचार किलो भरतो आणि बॅटरी तासभरही टिकत नाही. एक मित्र म्हणतो पीस खराब लागलाय, विकून टाक. दुसरा म्हणतो कूलिंग पॅड घे. विकून पातळ लॅपटॉप घेऊ, पीसी बनवू, की आहे ते सहन करू?"

पोरा, पीस खराब नाही. निदान तू जे लिहिलंयस त्यावरून तरी नाही. तुझ्या ९७ मधले बरेचसे अंश भुसावळचे आहेत.

हिशेब साधा आहे. चिपमध्ये ठरावीक वॅट वीज जाते, तेवढ्या विजेला ती आजूबाजूच्या हवेपेक्षा ठरावीक अंश वर चढते. पंखा कितीही फिरला तरी तो खोलीतलीच हवा आत ओढतो, हिमालयातली नाही. डिसेंबरात तुझ्या खोलीत २४ डिग्री होते असं धर. चिप ७८, म्हणजे हवेच्या वर ५४. आता मे महिन्याच्या दुपारी, स्लॅब तापलेल्या बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यात, ४३ असणारच. त्यात ५४ मिळव. आलं ना तुझं ९७? लॅपटॉपने डिसेंबरात केलं तेच काम आजही केलंय, एका अंशाने कमी नाही की जास्त नाही. यूट्यूबवर हेच मॉडेल तपासणारे लोक एसीत बसून आकडे सांगतात, आणि बऱ्याच कंपन्या लॅपटॉप वापरायचं तापमान ३५ डिग्रीपर्यंतच लिहून देतात. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी दहा वाजताच ती हद्द संपते.

आता ९७ वाईट का? या प्रोसेसरला इंटेलने १०० डिग्रीची मर्यादा दिलीय. तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, जळत नाही. म्हणजे ९७ ला तो कड्याच्या टोकावर उभा आहे, पडलेला नाही. पण रोज दुपारी चार तास टोकावर उभं राहायची गरज काय, हा खरा प्रश्न आहे. आणि तू डिग्री बघत बसलायस, बघायला हवेत वॅट. डिग्री हवामानावर हलतात, वॅट तुझ्या हातात आहेत.

तुझ्या घरापासून दीपनगरचं थर्मल वीजकेंद्र काही लांब नाही. तिथले कूलिंग टॉवर तू लहानपणापासून बघतोयस. एवढे अवाढव्य मनोरे का बांधले असतील? कोळशातल्या उष्णतेपैकी निम्म्याहून जास्त विजेत उतरतच नाही, ती कुठेतरी फेकावी लागते, आणि फेकायला जागा लागते. लॅपटॉपचंही तेच दुखणं आहे, उलट जास्तच, कारण त्यात जाणारी सगळीच्या सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. गेम खेळताना तुझा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून १८० ते २०० वॅट खात असतील. जुने पिवळे बल्ब आठवतात का, शंभराचे? तसे दोन बल्ब तू इंचभर जाडीच्या डबीत पेटवलेत आणि ती डबी खोलीत ठेवलीयस. बसल्याजागी माणूसही साधारण शंभर वॅट उष्णता टाकतो, म्हणजे असं समज, भर दुपारी दोन पाहुणे आलेत आणि ते उठायचं नाव घेत नाहीत.

आता आवाजाकडे येतो, कारण तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट तीच आहे. तुझे बाबा रात्री हजारो माणसं मागे घेऊन गाडी चालवतात. त्यांची दुपारची झोप ही घरातली सोय नाही, ड्यूटीचाच भाग आहे. तेव्हा बाबा घरात झोपलेले असतील तेव्हा टर्बो मोड, म्हणजे पूर्ण ताकदीचं सेटिंग, बंद, हा मुद्दा माझ्या लेखी चर्चेचा नाही. तू हेडफोन लावतोस हे मला माहीत आहे. त्याने पंख्यांचा आवाज तुझ्या कानांपुरता गेला, त्यांच्या नाही.

तूच लिहिलंयस की कूलर घोंघावतो तरी त्यांची झोप मोडत नाही. विचार कर, असं का? कूलरचा आवाज लॅपटॉपपेक्षा कमी नाही, बहुतेक जास्तच. पण तो एकसारखा आहे. रात्रभर इंजिनात बसणाऱ्या माणसाला एकसारखा आवाज झोपेत त्रास देत नाही. आवाज बदलला की कान टवकारतात, ती त्यांची सवयच आहे. तुझे पंखे काय करतात? गेमचा मेनू उघडला, चढले. थोडं शांत झालं, उतरले. स्फोट झाला, पुन्हा चढले. त्यात ते लहान पंखे, बारीक किणकिणता सूर काढणारे. हा चढउतार आधी काढ.

पंख्याचं एक गणित लक्षात ठेव. वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे वारा थोडा सोडला की शांतता भरपूर मिळते. अर्थात वारा सोडायचा तर उष्णताही कमी तयार व्हायला हवी. पुन्हा वॅट.

ते कमी कसे करायचे? आधी गेमच्या फ्रेमला, म्हणजे कार्ड दर सेकंदाला काढतं त्या चित्रांना, लगाम घाल. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेट असतं, तिथे ७५ टाक. तुझा स्क्रीन सेकंदाला १६५ चित्रं दाखवणारा असेल, असू दे. नुसत्या मेनूच्या पडद्यावर तीनशे फ्रेम काढत बसलेलं ग्राफिक्स कार्ड मी पाहिलंय, समोर माणूस चहा प्यायला गेलेला. मग लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमधला मोड टर्बोवरून बॅलन्स्ड किंवा क्वाएटवर आण. आणि तेवढ्याने भागलं नाही तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के कर. एक टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने टर्बो बूस्टच, म्हणजे मूळ वेगाच्या वर उडी मारणं, बंद होतं. तुझा प्रोसेसर मग २.२ गिगाहर्ट्झवर शांत बसून राहतो. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये फ्रेम उतरतील, कारण तो गेम प्रोसेसरवर चालतो. बाकी बऱ्याच ठिकाणी ७५ च्या लगामात तुला फरक कळणारही नाही. संध्याकाळी बाबा ड्यूटीवर गेले की परत १०० कर.

हे एवढं स्वस्तात का होतं ते सांगतो. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. मोटरसायकल पन्नासने चालवणं आणि नव्वदने चालवणं यात पेट्रोलचा जो फरक, तो इथे. तुझ्या प्रोसेसरची मूळ वीज ५५ वॅट आणि टर्बोत कमाल १५७. तिपटीच्या जवळ. काम तिप्पट होतं का? कधीच नाही. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. शंभर वॅटच्या पुढे ४०७० ला पाजलेली वीज जास्त करून खोली तापवते. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा आलेख खाली ओढून अंडरव्होल्ट करता येतं. ते जमलं तर कर, पण आधी वरचं कर, नव्वद टक्के फायदा तिथेच आहे.

ब्लेंडरमध्ये एक गोष्ट नक्की तपास. प्रेफरन्सेसच्या सिस्टिम पानावर ऑप्टिक्स निवडल्यावर खाली यादी येते, तिथे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्हींवर टिक असेल तर प्रोसेसरची काढ. प्रोसेसर त्या रेंडरला, म्हणजे अंतिम चित्र तयार करायला, मदत थोडी करतो आणि आग फार ओकतो. आणि लांब रेंडर रात्री लाव, बाबा गाडी घेऊन गेलेले असतील त्या रात्री. तेव्हा घर मोकळं असतं, हवाही दुपारपेक्षा बारा-पंधरा अंशांनी खाली असते. त्यांना ड्यूटीचा कॉल कधीही येतो, हे खरं. म्हणून रेंडरचं वेळापत्रक त्यांच्या वेळापत्रकाला बांध, घड्याळाला नको.

आता टेबल. कोपऱ्यातून ते आजच्या आज काढ. तुझ्या लॅपटॉपची गरम हवा मागून आणि बाजूंनी बाहेर पडते, भिंतीला आपटते आणि परत खालून आत ओढली जाते. स्वतःचाच श्वास पुन्हा पुन्हा घेतोय तो. तुमच्या घराची रचना मला पत्रातून दिसते ती अशी: आतल्या खोलीच्या खिडकीत कूलर, हवा मधल्या दारातून बाहेरच्या खोलीत, तिथून बाहेरच्या दाराने अंगणात. कूलरला ती वाट मोकळी लागतेच, नाहीतर तो नुसता दमट वाफारा करतो. मग त्या वाटेच्या शेवटाला बस, बाहेरच्या दाराजवळ, लॅपटॉपची पाठ दाराकडे करून. कूलरची हवा तुझ्या पाठीवरून जाईल, लॅपटॉपची उष्णता सरळ अंगणात जाईल, आणि पंखेही बाबांपासून आठ-दहा फूट लांब जातील. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर खोली दहा-बारा अंशांनी उतरवतो. ते दहा अंश चिपवरही जसेच्या तसे उतरतात. जुलैत कूलर काही कामाचा राहत नाही, पण तेव्हा बाहेरच तिशीत असतं.

मात्र कूलरच्या थेट समोर, हातभर अंतरावर लॅपटॉप ठेवू नको. दमट हवेने काही बिघडत नाही, कारण लॅपटॉप त्या हवेपेक्षा गरम असतो, त्याच्यावर दव धरत नाही. बिघडतं ते उडणाऱ्या तुषारांनी. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते कूलरच्या गवताच्या जाळ्यांवर धरणाऱ्या पांढऱ्या थरावरून कळतंच. तोच थर मी एका मदरबोर्डवर पाहिलाय, बारीक ठिपक्यांची रांगोळी घातल्यासारखा. गिऱ्हाईक म्हणत होतं, पाणी सांडलंच नाही हो. खरं होतं त्याचं, सांडलं नव्हतं.

आणि खरंच काही खराब आहे का, हे तपासायचं असेल तर सकाळी सहाला उठ. हवा बरी असते. लॅपटॉप नुसता चालू ठेव पंधरा मिनिटं, मग तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून दहा मिनिटं प्रोसेसरवर पूर्ण भार टाक. तीन गोष्टी बघ. दोन्ही पंखे फिरताहेत का? सगळ्या मोठ्या कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग, साधारण जवळजवळच्या तापमानाला आहेत का, की एखादी बाकीच्यांपेक्षा वीस अंश वर उडी मारतेय? आणि वेग मूळ २.२ गिगाहर्ट्झच्याही खाली घसरतोय का? एक पंखा बंद, एक कोअर वेगळी किंवा वेग तळाच्याही खाली, यातलं काही दिसलं तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नीट बसलेली नाही किंवा पंखा गेलाय, आणि ते वॉरंटीचं काम. नुसती ९७ ही संख्या वॉरंटीचं काम नव्हे.

पाच महिन्यांच्या लॅपटॉपमध्ये धूळ साचली नसेल, पण पुढच्या वर्षी नक्की साचेल. पंखा आणि तांब्याच्या पातळ पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये जी फट असते तिथे ती बसते, वरून दिसत नाही. जिनिंगच्या ऑफिसातला एक लॅपटॉप माझ्याकडे आला होता, चालू केला की दहा मिनिटांत बंद. पंखा काढला तर जाळीच्या तोंडावर नमद्यासारखा पांढरा-करडा पट्टा, चिमट्याने धरून एका अखंड तुकड्यात निघाला, बोटभर लांबीचा. कापूस! पट्टा काढला, लॅपटॉप ठीक झाला, मालकाने पैसे देताना विचारलं, एवढंच होतं? एवढंच होतं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि उन्हाळी वावटळी आहेत, त्यामुळे वर्षातून एकदा मेच्या आधी साफ करून घे. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवायचं, मोकळं भिरभिरू द्यायचं नाही. आणि गादीवर, गोधडीवर लॅपटॉप कधीही नको. हवा ओढायची भोकं सगळी तळाला आहेत.

ओझ्याबद्दल मात्र तुला गोड बोलणार नाही. या जातीच्या लॅपटॉपला डेस्कटॉप रिप्लेसमेंट म्हणतात आणि त्या नावातच सगळं आलंय: तो डेस्कटॉपची जागा घेतो, आणि डेस्कटॉप कोणी मेमूत घेऊन चढत नाही. २०१७ साली एसरने प्रिडेटर २१ एक्स नावाचा एक लॅपटॉप काढला होता, एकवीस इंची वक्र पडदा, आत दोन ग्राफिक्स कार्डं, वजन आठ किलोच्या वर आणि चार्जर दोन. त्यालाही लॅपटॉपच म्हणायचे. तुझा त्याच घराण्यातला धाकटा आहे.

बॅटरी टिकत नाही त्याचं कारण दोन तऱ्हेचं. एक, तुझी बॅटरी ८०-९० वॅट-अवरची असेल. विमानात वेगळ्या परवानगीशिवाय सोबत नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-अवर आहे, म्हणून सहसा कोणतीही कंपनी त्याच्या पुढे जात नाही. ९० ला १८० ने भाग, अर्धा तास. म्हणून चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच ग्राफिक्स कार्डाचे वॅट कापतो आणि तुझा गेम अडखळतो. दोन, आणि हे तुझ्या हातातलं: कॉलेजमध्ये नुसते नोट्स आणि कोडिंग करताना बॅटरी तासाभरात संपत असेल तर तू लॅपटॉप कायम मोठ्या ग्राफिक्स कार्डावर ठेवलायस. गेम जास्त पळावा म्हणून कोणीतरी ते सेटिंग करून दिलं असेल. सॉफ्टवेअरमध्ये हायब्रिड किंवा इको असं काहीतरी असतं, ते लाव, एकदा रीस्टार्ट कर. मग मोठं कार्ड झोपून राहील आणि बॅटरी तीन-चार तासांवर जाईल. पंखेही वर्गात बोंबलणार नाहीत.

चार्जरचं वजन कमी होऊ शकतं. तुझ्या लॅपटॉपचा एखादा टाइप-सी पोर्ट पॉवर डिलिव्हरी, म्हणजे चार्जिंग, घेतो का ते मॅन्युअलमध्ये बघ. घेत असेल तर शंभर वॅटचा छोटा चार्जर कॉलेजसाठी पुरतो. गेम चालणार नाही त्याच्यावर, पण कॉलेजात गेम चालवायचा नाहीच आहे, बरोबर ना? पिशवीतून जवळजवळ पाऊण किलो उतरेल.

तरी मी तुझ्या जागी असतो तर तो घरीच ठेवला असता. भुसावळ ते जळगाव पंचवीसेक किलोमीटर, भादली सोडलं की उतरायची तयारी, त्या गर्दीत दीड लाखाचा पडदा पाठीवर घेऊन उभं राहायचं कशाला? ऑफिसांतून निघालेले चौदा इंची जुने लॅपटॉप वीस-पंचवीस हजारांत मिळतात, दीड किलोच्या आतले, कीबोर्ड उत्तम. कोडिंग, नोट्स, प्रेझेंटेशन सगळं होतं. मामेभावाच्या दोन लग्नांच्या एडिटिंगच्या पैशांत येईल.

आणि नेलाच तर पिशवीत घालताना शट डाउन कर. झाकण नुसतं मिटवून नको. हल्लीचे लॅपटॉप झोपेत अर्धे जागे असतात, मध्येच नेट तपासायला उठतात, आणि पिशवीत वारा नसतो. हे मी शिकलो ते धुळ्याहून येताना. मे महिना, एसटी, खिडकीतून झळा. जळगावला उतरल्यावर पिशवीत हात घातला तर चटका बसला. बॅटरी शून्यावर, आणि पडद्याच्या कडेची रबराची पट्टी सुटून लोंबत होती. दोष माझाच, दुसऱ्या कोणाला काय बोलणार. ती पट्टी फेव्हिक्विकने चिकटवायला गेलो ती दुसरी चूक.

विकायचं म्हणतोस. पाच महिन्यांचा गेमिंग लॅपटॉप विकायला काढलास तर चाळीस हजारांच्या आसपास तोटा सोस, आणि त्या पैशांत घेशील काय? पातळ लॅपटॉप. त्याच्यावरही ४०७० लिहिलेलं असेल. पण एनव्हिडियाने या एकाच नावाच्या कार्डाला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत, वर बूस्टचे २५, अशी मोकळीक दिलीय. पातळ लॅपटॉपची कंपनी त्यातली खालची बाजू निवडते, म्हणून तो हलका आणि शांत वाटतो. हेच तू तुझ्या जाड लॅपटॉपवर एका सेटिंगने करू शकतोस. उलट तुझ्याकडे मोठे पंखे आणि मोठी जाळी आहे, तेव्हा तेवढ्याच वॅटला तुझा लॅपटॉप त्या पातळापेक्षा शांत चालेल. पैसे देऊन जे विकत घ्यायला निघालायस ते घरात आहे, फक्त हलकेपणा नाही.

पीसीचं म्हणशील तर, मला डिसेंबरात विचारलं असतंस तर मी पीसीच सांगितला असता. तेवढ्याच पैशांत जास्त ताकद, मोठे संथ पंखे, आवाज नावाला. पण एक गैरसमज काढून टाक: पीसी शांत असतो, थंड नसतो. खोलीत टाकलेले वॅट तेवढेच, बहुतेक जास्तच. शिवाय लाइट गेली की पीसीला वेगळा यूपीएस लागतो, तुझ्या लॅपटॉपच्या पोटात तो आहे. मेमध्ये लाइटचा काय खेळ चालतो ते तुला सांगायला नको. अर्ध्यावर आलेलं रेंडर वाचवणारी बॅटरी ही लहान गोष्ट नाही. तेव्हा लॅपटॉप ठेव. फक्त बॅटरी कायम शंभरावर भरून ठेवू नको. घरी प्लग लावून बसतोस तेव्हा चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लाव, उष्णता आणि पूर्ण चार्ज दोन्ही एकत्र आले की लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते.

कूलिंग पॅड राहिलं. साधं हजार रुपयांचं पॅड खोलीतलीच गरम हवा खालून मारतं, फायदा दोन-चार अंशांचा, आणि वर आणखी एका पंख्याचा आवाज. कडेने फोमची पट्टी असलेलं, हवा कोंडून आत ढकलणारं पॅड खरंच काम करतं, पण ते एवढं ओरडतं की बाबा तुला घराबाहेर काढतील. पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली ठेव. बोटभर उंची मिळाली की तळाची भोकं मोकळी होतात, आणि मी दुकानात कितीतरी जणांना आधी झाकणंच दिलीत.

सकाळच्या चाचणीत पंखा किंवा एखादी कोअर वेगळी निघालीच, तर स्क्रीनशॉट आणि बिल घेऊन दुकानात जा. ते समोर चालवून दाखवतील आणि म्हणतील, बघ, सगळं व्यवस्थित आहे. त्याआधी त्यांना म्हण, दुकानाचा एसी बंद करा, शटर अर्धं ओढा आणि वीस मिनिटं आपण सगळे इथेच बसू.